ज्या कोंबड्याला कापणारा मिळाला नाही

बाई, तुम्ही गेल्याला आता पंचवीस वर्षं होतील, आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एकदाही लिहिलं नाही. वहीत तुमच्याविषयी लिहिलं आहे, तुम्हाला असं कधी नाही. आज लिहिते आहे कारण परवा रविवारी मला इथे रोह्याला एका वर्गापुढे अर्धा तास बोलायचं आहे, आणि त्या बोलण्याच्या मसुद्यात एक वाक्य पुन्हापुन्हा येऊन बसतं. मी ते खोडते, तर पुढच्या पानावर जरा वेगळ्या शब्दांत हजर होतं. ते वाक्य मी पहिल्यांदा पेणला, तुमच्या अंगणात उभी राहून बोलले होते. तुम्हाला ते आठवत असेल तर मला लाज वाटते. तुम्ही ते विसरल्या असाल अशी आशा धरणं, तेही मला बरोबर वाटत नाही.

वर्ग कसला ते आधी सांगते. आमच्या चर्चमधली नऊ मुलं यंदा पहिलं कम्युनियन घेणार आहेत, म्हणजे मिस्सामध्ये, चर्चच्या मुख्य उपासनेत, पहिल्यांदाच ख्रिस्तप्रसादाची भाकर घेणार आहेत. त्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची तयारी करून घ्यायचं काम फादरनी माझ्याकडे दिलं. फादर बाहेरून येतात, रविवारी मिस्सा आटोपून त्यांना पुढच्या गावी जायचं असतं. ते म्हणाले, "तू कंपनीच्या लॅबमध्ये काम करतेस, नेमकं बोलतेस." मी नेमकं बोलते हे खरं नाही. चुकीचं बोलायला घाबरते, एवढंच. या आठवड्याचा विषय आहे जुन्या इस्राएल लोकांचे बळी, मंदिरातल्या वेदीवर चढवलेली कोकरं आणि बैल, आणि त्यांचा आमच्या आजच्या मिस्साशी काय संबंध. आम्ही मिस्साला मिस्साबलिदान म्हणतो. मुलं विचारतात, बलिदान आहे तर बकरा कुठाय? आणि हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

गेल्या रविवारी तर तो हसण्यासारखा राहिलाच नाही. वर्गात एक बाई येते, खांब गावची. तिशीची असेल. तिचा नवरा कॅथलिक, इथल्याच एका कंपनीत फिटर. लग्नाच्या वेळी तिने बाप्तिस्मा घेतला. तिचा मुलगा त्या नऊ जणांतला एक. पावसाळ्यात त्याला कावीळ झाली होती, बरेच दिवस दवाखान्यात होता. वर्ग सुटल्यावर ती थांबली. मुलाला बाहेर पाठवलं आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "मॅडम, एक विचारू? रागावणार नाय ना?"

"विचार की."

"माझ्या आयशीनं पोराच्या नावाचा बोकड बोललाय गावदेवीला. पोरगा उठला म्हणून. पुढच्या महिन्यात देणार. सगळी वाडी जेवणार. ती म्हणते, ज्याच्या नावाचा बोकड तोच नसला तर कसं? हे म्हणतात, अजिबात जायचं नाय, ते अडाण्यांचं काम. मग मी त्यांना म्हटलं, तुमच्या चर्चमधी पण बळीच म्हणतात ना? तर हे म्हणाले, मॅडमला विचार." तिने पदर सोडला. "फरक काय हाय मॅडम? आणि माझी आय अडाणी, असंच म्हणायचं का?"

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. भ्याड उत्तर होतं. ती "बरं" म्हणाली आणि चपला घालून निघाली, पण दारातून वळून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं करीन. पण आयशीला काय सांगायचं तेवढं तुम्हीच शिकवा मला." तेव्हापासून मला नीट झोप नाही. मी सोपं वाक्य बोलले तर ही बाई घरी जाऊन आईला ते ऐकवणार आहे. एका पोराला बरं वाटलं म्हणून आनंदलेल्या म्हातारीला, तिच्याच पोटच्या मुलीच्या तोंडून. आणि उलट मी काहीतरी गोडगोड बोलून सगळं सारखंच आहे म्हटलं, तर ते माझ्या विश्वासाशी खोटं होईल. मी तेही करू शकत नाही.

सोपं वाक्य कोणतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी तेरा वर्षांची आहे. पेणला रेल्वे नुकती आलेली आहे, पण बाबा रोज एसटीनेच रोह्याला कंपनीत जातात, शिफ्टच्या वेळेला गाडी मिळत नाही म्हणून. तुम्ही आम्हाला गणित शिकवता. शनिवारी शाळा अर्धा दिवस, पण तुम्ही शनिवारी खडू हातात धरत नाही. वर्गात येता, खुर्चीत बसता आणि म्हणता, "मुलींनो, माझा हात आज सुट्टीवर आहे." मग माझ्याकडे बघून मान हलवता. मी फळ्यापाशी जाते, तुम्ही सांगता, मी लिहिते. वर्गात मला 'बाईंचा उजवा हात' म्हणतात, काही जणी चिडून म्हणतात, आणि मला ते चिडणंही आवडतं. एकदा मी तुम्हाला विचारलं होतं की तुम्ही सांगता म्हणूनच मी लिहिते, मग लिहिण्याचं काम तुमच्याच नावावर पडत नाही का? तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ बघितलंत. "हे मला आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं," तुम्ही म्हणालात. "पडत असेल गो. म्हणून तर उत्तर चुकलं तर मी तुला ओरडत नाय शनिवारी." सगळा वर्ग हसला. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की जगात माझ्यासारखं अडखळणारं आणखी एक माणूस आहे.

तुमचे लोक, कोकणातले यहुदी, पेणमध्ये कधीकाळी बरेच होते, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवार देवाचा म्हणून त्या दिवशी काम नाही, घाणा बंद. माझ्या वेळेपर्यंत उरल्या होतात तुम्ही आणि खालच्या आळीतलं एक म्हातारं जोडपं. बाकीचे विमानात बसून इस्राएलला गेले. तुमचा भाऊही गेला. तुम्ही का नाही गेलात असं विचारलं की म्हणायचात, "तिकडे वाळवंट. मला दमट हवेची सवय." खरं कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि मी ते आता बनवून लिहिणार नाही.

अपूर्णांकांत मी कच्ची होते म्हणून संध्याकाळी तुमच्याकडे येऊ लागले. तुम्ही स्वयंपाकघरातच शिकवायचात, पाटावर बसवून, समोर भाजी निवडत. एकदा सणाला अलिबागहून तुमचे कुणी नातेवाईक मटण घेऊन आले होते, तुमच्या रीतीने कापलेलं. तुम्ही ते आधी पाण्यात ठेवलंत, मग वेळूच्या सुपात पसरून वरून मीठ घातलंत, मिठागरातलं जाडं, करडं मीठ. सूप तिरकं ठेवलेलं, खाली परात. तासाभराने परातीत लाल पाणी जमलं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "रक्त आपलं नव्हे. ते जीव देणाऱ्याचं. आपण मांस खातो तेवढंच पुष्कळ झालं." मग तुम्ही सांगितलंत की मंदिर होतं तेव्हा वेदीवर जे जे ठेवायचे त्या सगळ्याला मीठ लागायचं, पिठालासुद्धा. मंदिर पडलं, बळी थांबले, त्याला शेकडो शेकडो वर्षं झाली. पण शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही पोळीचा तुकडा मिठाला लावूनच खायचात. "वेदी गेली," म्हणालात, "मग हे ताटच वेदी. दुसरं आहे काय आपल्याकडे?"

त्या वर्षी सहामाहीला मी गणितात पास झाले, नुसती पास नाही, वर्गात तिसरी आले. आईला वाटलं बाईंना काहीतरी द्यायला हवं. नाताळात तिने डबाभर कोंबडीचं सुकं करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा परत दिलात, घासून लख्ख, आत गुळाचा खडा. आईला कळलं की ते खाल्लं गेलेलं नाही. "आपल्या हातचं चालत नाय त्यांना," ती म्हणाली, आणि तो डबा तिने फळीवर जरा जोरातच ठेवला. मी मग तुम्हाला विचारून घेतलं. तुम्ही सांगितलंत की हातचा प्रश्न नाही, कापण्याचा आहे. तुमच्यात जनावर ज्याने त्याने कापायचं नसतं. सुरीला दात नको, एका फिरवण्यात व्हायला हवं, म्हणायची प्रार्थना यायला हवी. मी घरी येऊन आईला हे समजावून सांगितलं. आईने विचार केला आणि म्हणाली, "मंग कापलेला नको ना? जिवंत देऊ. त्यांचा त्या कापून घेतील." बाबांनी रविवारी गडब गावाला जाऊन एक कोंबडा आणला, तांबडा, मानेवर सोनेरी पिसं. मी तो काखेत धरून तुमच्या दारात उभी राहिले.

तुम्ही इतकं हसलात की तुम्हाला खुंटीचा आधार घ्यावा लागला. "अगो, पण ह्याला कापायचा कोणी?"

"तुमच्यातले..."

"आमच्यातले कापणारे दोन वर्षांमागे गेले मुलाकडे. पेणमधे आता कापणारा उरला नाय. मी काय खाते असं वाटतं तुला? वर्षभर वालाची उसळ आणि मासे. मटण सणाला, कुणी आणलं तर." डोळे पुसत तुम्ही त्या कोंबड्याकडे बघितलंत. "तुझ्या आयशीला सांग, असं कुणी कधी दिलं नव्हतं मला." आणि तुम्ही अंगणात उतरून त्याच्या पायाला दोरी बांधून पेरूच्या झाडाला अडकवू लागलात.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी तेरा वर्षांची होते आणि त्याच आठवड्यात आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बळींवरचा धडा झाला होता. मला पाठ होता. तुमची अडचण मी चुटकीसरशी सोडवू शकते असं मला वाटलं. मी म्हटलं, "बाई, आमच्यात हे लागतच नाही. येशूने एकदाच स्वतःचा बळी दिला, तेव्हा जुने सगळे रद्द झाले. ते नुसतं रक्त सांडणं होतं, त्याचा काही उपयोग नव्हता."

तुम्ही दोरीची गाठ पुरी केलीत. मग उठून उभ्या राहिलात. "रद्द कुणी केलं? तू?"

मी कोंबड्याकडे बघितलं.

"माझ्या अंगणात उभी राहून, माझ्या आजापणजांनी देवाला जे दिलं ते रद्द म्हणतेस. काय दिलं होतं ते ठाऊक आहे का तुला? इकडे ये." तुम्ही माझा हात मनगटाला धरलात आणि कोंबड्याच्या पाठीवर ठेवलात, वरून तुमचा हात. "दाब जरा. बैलाच्या डोक्यावर असा हात ठेवायचा देणाऱ्यानं स्वतः. पुरोहितानं नाय, ज्याचं जनावर त्यानं. कोंबड्याला हा नियम नाय, मंदिरात कोंबडे नव्हतेच, कबुतरं होती. पण माझ्याकडे बैल नाय, तर हाच. काय लागतंय हाताला?"

पिसांखाली तो तापलेला होता. त्याचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की माझ्या तळव्याला ठोके बसत होते. मी म्हटलं, "जीव."

"आता म्हण, नुसतं रक्त सांडणं."

मी हात तसाच दाबून ठेवला. तुम्ही हात काढलात. मग, तुमच्या सवयीप्रमाणे, रागातच शिकवायला लागलात. बळी एकाच जातीचा नव्हता, म्हणालात, जशी गणितं एकाच जातीची नसतात. एक अख्खा जाळायचा, सगळा देवाचा, माणसाला काही नाही. एक चुकीबद्दलचा. आणि एक उपकाराचा, आजारातून उठलं, प्रवासातून सुखरूप आलं की द्यायचा. त्यातलं थोडं वेदीवर, थोडं पुरोहिताला, बाकी देणाऱ्याच्या घरच्यांनी भाकरीबरोबर खायचं, पण त्याच दिवशी. सकाळपर्यंत उरवायचं नाही. "आता सांग, एक घर अख्खं जनावर एका दिवसात खाईल?" मी मान हलवली. "नाय. मंग शेजारपाजार हाका मारायलाच लागणार. देवानं नियमच असा केला की उपकार मानणाऱ्याला एकट्यानं जेवता येऊ नये." शेवटी म्हणालात, "तुझ्या फादरांचं उत्तर काय असेल ते असो, त्यात मी बोलणार नाय. पण उत्तर आलं म्हणून कुणी वरच्या पायऱ्या पुसतं का? मार्क कशाला मिळतात?"

पायऱ्यांना. ते मला माहीत होतं.

त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही वर्गात आलात, खुर्चीत बसलात आणि दुसऱ्या मुलीकडे बघून मान हलवलीत. असे सहा शनिवार गेले. मी मोजले होते. सातव्या शनिवारी तुम्ही पुन्हा माझ्याकडे बघितलंत, जणू मध्ये काही झालंच नव्हतं, आणि मी फळ्यापाशी गेले. 'चुकले' हा एक शब्द त्या दोन पावलांत बोलायचा होता, तो राहिला. मग दहावी झाली, आम्ही रोह्याला राहायला आलो, मी कॉलेजला गेले. तुम्ही गेलात हे मला पंधरा दिवसांनी कळलं. कन्फेशनला, फादरपुढे पापं कबूल करायला, मी अनेकदा गेले, पण हे कधी बोलले नाही, कारण ते दहा आज्ञांपैकी कोणत्या आज्ञेखाली मोडतं ते मला ठरवता येईना. आता इतकं वय झाल्यावर वाटतं, ठरवता येत नव्हतं हीसुद्धा एक सोय होती.

तुमचा धडा मात्र माझ्याबरोबर चर्चमध्ये आला. कोंबडा दिला त्याच्या पुढच्याच रविवारी मी मिस्सामध्ये गुडघ्यांवर होते आणि फादरनी भाकरीवर आणि प्याल्यावर दोन्ही हात पसरले. तोवर शेकडो वेळा बघितलं होतं, कधी दिसलं नव्हतं. असा हात ठेवायचा. माझ्या तळव्याला पुन्हा ते ठोके जाणवले. वेदी, कोकरू, रक्त, करार, अर्पण, हे शब्द मी गाण्याच्या ओळींसारखे म्हणत आले होते. तुमच्या लोकांनी जनावराच्या डोक्यावर हात ठेवून ते शब्द कमावले होते. शेवटच्या जेवणाला येशू भाकर हातात घेऊन जे बोलला, ते ज्यांना कोकराचा सण माहीत होता त्यांनाच कळलं असणार. तो त्याच ताटावर वाढलेला. तो तान्हा असताना त्याची आई मंदिरात दोन पाखरं घेऊन गेली होती, कोकरू परवडत नसलेल्यांसाठी तेवढी मुभा होती म्हणून. ते अर्पण निरुपयोगी होतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आमचा विश्वास असा आहे की त्याने स्वतःला दिलं, एकदाच, आणि मिस्सात तेच देणं आमच्यासमोर येतं. दुसरी हत्या नाही, पुन्हा नाही. पण समोर आल्यावर आम्ही काय करायचं, बाकावर बसून बघायचं? हात ठेवायचा, म्हणजे आपलं काहीतरी त्यात घालायचं, आठवड्याचे कष्ट, आजारपण, एखादं न बोललेलं 'चुकले'. आणि मग जेवायचं, आणि जेवून उठल्यावर कुणालातरी हाक मारायची. हे मी तुमच्याकडून शिकले, आणि तुमचं म्हणणं हे नव्हतं हेही मला माहीत आहे. तुमच्या दृष्टीने गणित अजून सुटायचं आहे. आमच्या दृष्टीने उत्तर आलं आहे. या दोहोंच्या मधल्या जागेत मी अलगद चालायला बघते आणि माझा पाय कुणाच्या तरी अंगणात पडतोच.

एक शंका उरतेच. तुमच्यात सकाळपर्यंत उरवायचं नाही, आणि आम्ही तर ख्रिस्तप्रसाद कोशात, वेदीमागच्या छोट्या कपाटात, राखून ठेवतो. फादरना विचारलं तर म्हणाले, आजाऱ्यांकडे न्यायला. म्हणजे ज्याला हाकेला येता येत नाही त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलं. मला ते पटलं. तुम्हाला पटलं असतं का, माहीत नाही. तुम्ही चष्मा काढला असता एवढं नक्की.

हे इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. आज रविवार, दुपार. वर्ग झाला.

मसुदा मी नेला होता, पण उघडला नाही. मुलांना विचारलं, आजारातून उठल्यावर तुमच्या घरी काय करतात? एकजण म्हणाला, खिचडी. सगळे हसले. एक मुलगी म्हणाली, मेणबत्ती लावतात. खांबच्या बाईच्या मुलाने आईकडे बघितलं. मग मी त्यांना तुमचा तिसरा प्रकार सांगितला, उपकाराचा. एका दिवसात संपवायचं, म्हणून शेजाऱ्यांना बोलवायचं. मुलांना हिशेब लगेच कळला. "मग जो जास्त उपकार मानेल त्याला जास्त पाहुणे लागणार," त्या खिचडीवाल्याने सांगितलं. मग हात ठेवण्याचं सांगितलं. मोठ्यांकडे बघून मी म्हटलं की ज्यांनी हे केलं ते मूर्ख नव्हते. देवाला फुकटातलं देऊ नये हे त्यांना कळत होतं. येशू त्यांच्यातलाच, त्यांचेच सण पाळणारा. आम्ही मानतो की त्याने स्वतःचं दिल्यावर आता आम्हाला कोणाचा जीव द्यावा लागत नाही. पण जीव देण्याइतकं देणं काय असतं, हे ज्याला माहीत नाही त्याला मिस्सा म्हणजे नुसती प्रार्थना वाटेल.

वर्गानंतर ती थांबली. आज तिचा नवराही होता, पेन खिशाला लावलेला, अवघडून भिंतीशी उभा.

मी म्हटलं, "तुझी आई अडाणी नाही. पोरगा उठला तो देवाने उठवला, हे तिला लगेच कळलं. बऱ्याच शिकलेल्यांना ते कळत नाही."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"देवीपुढे बोकड देतात तिथे तू आणि पोरगा नको. ते आपलं नाही, आपला बळी झालेला आहे, दुसरा लागत नाही. असं आईला सांग, पण तिचं चुकलं असं म्हणू नकोस. तिच्या घरी जा, तिच्या पाया पड, तिच्या हातची भाकर खा."

"ती रडेल."

"रडेल. मग सांग, पोराच्या नावाने इकडेही जेवण आहे. त्याच उपकाराचं. तिला बोलव."

"चर्चला? आयशीला?" तिने तोंडावर हात घेतला. नवऱ्यानेही मान वर केली. तो म्हणाला, "मॅडम, म्हातारी आमच्या दारात पण नाय आलेली लग्नापासून."

"तुम्ही तिच्या देण्याला अडाण्यांचं काम म्हणता, ती कशाला येईल?" हे जरा तिखट झालं. पण तो हसला, कानामागे खाजवत. "व्हय, ते म्हटलं खरं मी," तो म्हणाला. "बोकड तिनं स्वतः वाढवलाय, वर्षभर. ते ध्यानात नाय आलं माझ्या."

ती मात्र पुढच्या विचारात होती. "येईल ती. नातवाचं म्हटल्यावर येईल. पण मॅडम, रिकाम्या हातानं नाय यायची. तिला ते जमत नाय. काय आणायला सांगू?"

मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस वेदीकडे नेतात, त्यांच्यामागून कधी फळं, कधी फुलं, आणि गोरगरिबांसाठी काही. माझ्या तोंडून निघून गेलं, "तांदूळ. तिच्या शेतातला. पोराबरोबर तिने स्वतः वेदीपर्यंत आणायचा."

"तिनं? हातात घेऊन? सगळ्यांसमोर?"

"दुसऱ्या कुणी आणून कसं चालेल?"

तिने पिशवीतून फोन काढला आणि तिथेच, हॉलच्या पायरीवर उभं राहून आईला लावला. मला तिचं अर्धंच बोलणं ऐकू येत होतं. "अगो नाय, रागानं नाय बोलत... ऐक तरी... तुजा तांदूळ मागितलाय. व्हय, तुजाच. मॅडमनी." मग बराच वेळ ती नुसतीच ऐकत राहिली, आणि फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे वळली. "विचारते, निवडून आणू की तसाच?"

मी म्हटलं, निवडून.

बाई, मी चुकले. तुमच्या अंगणात, आम्हीच दिलेली देणगी समोर असताना. हे तेव्हा दोन पावलांत बोलायचं होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील, दोन तारखांच्या मध्ये. आणखी एक तेवढं सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं धाडस अजून होत नाही. जी बाप्तिस्मा न घेतलेली आहे, जिने त्याच महिन्यात देवीला बोकड दिलेला असेल, तिने मिस्सामध्ये अर्पण घेऊन वेदीपर्यंत यावं का, हे मला नक्की माहीत नाही. मी हो म्हणून बसले आहे. फादरना विचारलेलं नाही.